मागच्या रांगेतला मका

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं टेकवायला इथे जागा नाही. अंड्यांच्या खोलीत, ट्रेच्या दोन थप्प्यांच्या मधे स्टूल घालून लिहितो आहे. तूर्त दोन अंगं पोचली असं समज, बाकीची सहा तू आल्यावर.) तुझा नवा गुडघा रुळला का? जिना चढताना आधी कुठला पाय टाकायचा हे तिथल्या व्यायामवाल्या बाईंनी सांगितलंय म्हणालीस. तसंच कर, आपलं डोकं चालवू नकोस. भाऊजींचा खोकला, लेकीची नोकरी, जावयांचं वजन, सगळं आटोक्यात असेल अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे झोप लागत नाही, जेवण जात नाही, डावी पापणी सारखी फडफडते आणि पाठीमागून कुणी नुसतं 'अहो' म्हटलं तरी हातातलं खाली पडतं. पण ताप नाही.

रोज संध्याकाळी तू फोनवर विचारतेस, "काय रे, सगळं ठीक?" आणि मी म्हणतो, "सगळं छान." ताई, ते खरं नव्हतं. पण तुझा आवाज कानावर पडला की माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे काही आजचं नाही. पाटीवरचं शुद्धलेखन तुला दाखवायचो तेव्हापासूनचं आहे. कागदावर मात्र मी निर्भय असतो (कागद उलट बोलत नाही), म्हणून हे पत्र. ते बसून वाच. शेजारी पाणी ठेव. सगळ्या कोंबड्या मेल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. 'सगळ्या' या शब्दाखाली मी रेघ मारलेली नाही, पण तू मारून वाच.

आता पहिल्यापासून सांगतो. मी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. कोंबडीशी माझा संबंध आला तो तिच्या डोक्यावरचा अनुस्वार जागेवर आहे की नाही एवढं पाहण्यापुरता. तरी ऑपरेशनला जाताना तू म्हणालीस, "तुला काय करायचंय, कामाच्या मावशी सगळं बघतात, तू फक्त उभा राहा," आणि मी उभा राहिलो. पण ताई, बाराशे कोंबड्यांसमोर उभं राहणं म्हणजे काय हे तुला आता जाणवतच नसेल. कोंबडी माणसाकडे समोरून बघत नाही, मान वाकडी करून एकाच डोळ्याने बघते. म्हणजे बाराशे डोळे माझ्यावर, आणि उरलेले बाराशे पलीकडच्या भिंतीवर, माझ्या सुटकेची वाट अडवून. मी आत पाऊल टाकलं की सगळ्या एकदम गप्प व्हायच्या. मी बाहेर पडलो की एकदम बोलायला लागायच्या. छापखान्यात मालक आल्या-गेल्यावर आम्ही अगदी असंच करायचो, त्यामुळे आत काय बोलणं चाललं असेल याचा मला चांगला अंदाज होता.

पहिले दोन आठवडे बरे गेले. रोज पस्तीस ट्रे अंडी, म्हणजे हजारावर पन्नास. मावशी अंडी गोळा करायच्या, मी मोजायचो, मग मावशी परत मोजायच्या. खाद्य कालवण्याचं काम मी अंगावर घेतलं, कारण त्यात कोंबडीचं तोंड बघावं लागत नाही. मका भरडायचा, पेंड घालायची, शिंपल्यांचा चुरा घालायचा, ते मिसळायच्या पिंपात ओतायचं आणि बटण दाबायचं. पुढच्या रांगेतला सुटा मका संपला तेव्हा मी यायच्या आधीपासून मागच्या भिंतीला लागून ठेवलेल्या तीस पोत्यांना हात घातला. 'जुना मका आधी संपवायचा, मगच नवा मागवायचा' असं मला कुणीतरी सांगितलं होतं. (कुणी, ते आता नीट आठवत नाही. वयपरत्वे होतं असं.) पहिलं पोतं सोडलं तेव्हा मावशी केरसुणी टेकवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, याला कुबट वास मारतोय." मी म्हणालो, "मावशी, मक्याला मक्याचाच वास येणार, गुलाबाचा कसा येईल?" या उत्तरावर मी त्या दिवशी मनातल्या मनात बराच खूश होतो. आज ते मी मुद्रितातून दोनदा खोडलं असतं.

दहाएक दिवसांत त्यातली बारा पोती गेली. आणि मग एका सकाळी मावशींनी पस्तीसऐवजी एकतीस ट्रे आणून ठेवले. मला वाटलं मोजण्यात चूक. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. एक अंडं उचललं तर ते माझ्या बोटांतच फुटलं. कवच कसलं, कांद्याचं साल. कोंबड्या पिसं फुलवून, माना आखडून बसायला लागल्या. तुरे लाल होते ते फिकट गुलाबी झाले, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखे. मी आत गेलो तर आता त्या गप्पही होईनात, कारण आधीपासूनच गप्प होत्या. ताई, ज्या डोळ्यांना मी घाबरत होतो ते अर्धे मिटलेले बघून मी जास्त घाबरलो. तिसऱ्या दिवशी चार मेल्या. चौथ्या दिवशी सात. मी साथ आली असं धरून चाललो आणि दिवसातून तीनदा आंघोळ, दर तासाला हात धुणं, आणि चपलांना औषधाचा फवारा असा कार्यक्रम सुरू केला. चपला गळून पडल्या. (त्या भाऊजींच्या होत्या. त्यांना सावकाश सांग.)

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला आणि मी "सगळं छान" म्हणालो. ते म्हणताना माझ्या हातात एक मेलेली कोंबडी होती.

शेवटी मावशीच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या. तू त्यांना ओळखतेसच. वयाने आपल्या लेकीएवढ्या, पण चालणं असं की वाटेतली बादली आपणहून बाजूला व्हावी. त्यांनी एक मेलेली कोंबडी बाहेरच्या ओट्यावर घेतली आणि मला म्हणाल्या, "काका, इकडे या, बघा." मी गेलो आणि छताच्या पत्र्याकडे बघत उभा राहिलो.

"तिकडे नाही, इथे बघा. यकृत कसं असायला हवं? गडद लाल. आणि हे?"

मी एक डोळा उघडून (कोंबडीकडून शिकलेली विद्या) पाहिलं. पिवळट, सुजलेलं, आणि त्यांनी बोटाने जरा दाबलं तर लोण्यासारखं तुटलं. मी पत्रा परत मोजायला घेतला.

"साथबीथ नाही," त्या म्हणाल्या. "खाद्यातून विष जातंय. मका दाखवा."

'विष' हा शब्द ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पोलीस आले, साखळदंड आले, वर्तमानपत्रातला मथळाही आला (त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या). कारण त्या शेडमधलं प्रत्येक पिंप मी माझ्या या हातांनी कालवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नाकाला फडकं बांधलं, मागच्या रांगेतल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक ढेकूळ बाहेर काढलं. दाण्याला दाणा चिकटलेला. फोडलं तर आतून हिरवट भुकटी उडाली. भिंतीला ओल आली होती आणि पोती थेट भिंतीला टेकलेली, खाली फळीसुद्धा नाही. (ती तशी कुणी लावली हे मी विचारलं नाही. तेव्हाही नाही, आत्ताही नाही.) त्या म्हणाल्या, ही बुरशी. बुरशी परवडली, पण ती दाण्यात जे विष सोडते ते बुरशी मेली तरी राहतं. मका उन्हात घातला, धुतला, अगदी भाजला तरी ते जात नाही. थोडं थोडं पोटात जातं, यकृत खातं, आणि मग कोंबडीला कुठलंही बारीकसं दुखणं पुरतं. त्यांनी वेगवेगळ्या पोत्यांतला मूठमूठ मका एका पिशवीत भरला, प्रयोगशाळेला पाठवायला.

मी हात जोडून विचारलं, "आणि माणसाला?"

"का? तुम्ही मका खाल्लात?"

"नाही, अंडी. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. तीन आठवडे."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, अंड्यात उतरतं ते फारच थोडं, तुम्हाला काही होत नाही, पण आता मी सांगेपर्यंत या शेडचं अंडं विकायचंही नाही आणि खायचंही नाही. अंडीवाल्याची गाडी त्याच दिवशी फाटकावरून परत पाठवली. पण 'काही होत नाही' हे म्हणायच्या आधी त्या जेवढा वेळ गप्प राहिल्या ना ताई, तेवढा वेळ मी अजून रोज मोजतो आहे. आरशात जीभ बघतो. बरगडीखाली बोट दाबून बघतो, लोणी लागतंय का.

उपाय त्यांनी सांगितला तो असा. गव्हाणीतलं सगळं खाद्य काढून टाकायचं. मका नवा आणायचा. खाद्यात एक पावडर घालायची: बारीक माती असते, तिच्यात यीस्टच्या पेशींची सालं घातलेली असतात. कोंबडीच्या पोटात गेली की ती विषाला धरून ठेवते आणि विष्ठेतून बाहेर घेऊन जाते, अंगात भिनू देत नाही. मातीने एका जातीचं विष धरलं जातं, दुसऱ्या जातीला यीस्ट लागतं, म्हणून दोन्ही. शिवाय पाण्यातून यकृताचं टॉनिक आणि जीवनसत्त्वं. हे ऐकल्यावर माझ्या जिवात जीव आला, कारण माझ्या मनात लगेच एक विचार चमकला. अठरा पोती मका अजून शिल्लक होता. दाणा फेकणाऱ्याला तू काय म्हणतेस ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझ्या ताटातल्या चार शितांवरून तू मला मागच्या दारी उभं केलं होतंस, ते दार मला अजून दिसतं. म्हणून मी अगदी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, "मग हाच मका आणि ही पावडर, असं नाही का चालणार?"

"नाही."

"दुप्पट पावडर घातली तर?"

"काका, दुप्पट घातलीत तर ती विषाबरोबर जीवनसत्त्वंही बांधून बाहेर नेईल."

"दीडपट?"

"पूर घरात शिरल्यावर छत्री उघडून काय होणार?" त्या म्हणाल्या. "चांगल्या मक्यातसुद्धा जे थोडंफार चुकून येतं ना, त्याच्यासाठी ही पावडर. हे थोडंफार नाही. हे फेका."

मी "बरं" म्हणालो. मक्याचं पुढे काय झालं ते सवडीने लिहीन.

पावडरची पाच किलोची पिशवी आली, आणि ताई, माझा खरा छळ तिथून सुरू झाला. पिशवीवर छापलं होतं, 'प्रति टन २.० किलो'. मधलं टिंब पुसट होतं. आता दुसऱ्या कुणाला हे टिंब दिसलंही नसतं. पण ज्याने चौतीस वर्षं टिंबांवर भाकरी खाल्ली त्याला विचार, टिंब काय चीज आहे. ते टिंब होतं की कागदावरचा डाग? टिंब असेल तर दोन किलो, डाग असेल तर वीस. आपलं रोजचं खाद्य सव्वाशे किलो, म्हणजे एक तर पाव किलो पावडर नाही तर अडीच किलो. मी भिंगातून पाहिलं. टिंबच वाटलं. उजेडात धरून पाहिलं, डाग वाटला. डॉक्टरीणबाईंना फोन केला, "दोन किलो, काका." दहा मिनिटांनी परत केला, कारण मला 'दोन' ऐकू आलं की 'दहा' याची खात्री वाटेना. तिसऱ्यांदा त्यांनीच केला आणि म्हणाल्या, "पाव किलो. पाव. चारातला एक भाग. आता ठेवते." मग ते पाव किलो एकदम पिंपात टाकायचं नाही, आधी पाच-सात किलो भरड्यात हाताने मिसळायचं आणि मग ते सगळ्यात, नाही तर एका कोंबडीला सगळी पावडर आणि बाकीच्यांना नुसती बातमी. हे मी केलं. रोज केलं. स्वयंपाकघरातला तुझा काटा वापरला, आणि काट्यावर विश्वास नाही म्हणून शेजारी पाव किलो साखरेचा पुडा ठेवून ताडून पाहिलं.

टॉनिकबद्दल एक कबुली. बाटलीवर 'यकृताला बळ देते' असं होतं. माझं यकृत त्या दिवसांत माझ्या मनातून हलतच नव्हतं. मी हिशोब केला की एक कोंबडी दीड किलोची आणि मी साठ किलोचा, म्हणजे मी एकूण चाळीस कोंबड्या. चाळीस कोंबड्यांचं टॉनिक पाण्यात घालून घेतलं. चव गुळमट, मागून कडू. मावशींनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी टॉनिकची बाटली कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं.

आता गवंड्याचं सांगतो, म्हणजे भीती म्हणजे काय हे तुला कळेल. तू जायच्या आधी अंड्यांच्या खोलीला फरश्या बसवायचं सांगून गेली होतीस. तो ठरल्याप्रमाणे एक महिना उशिरा आला. त्याने फरश्यांच्या सांध्यांत भरायची करड्या रंगाची पावडर एका साध्या पिशवीत आणली आणि ती ठेवली कुठे, तर माझ्या पावडरच्या शेजारी. माझीही करडी. माझी पिशवीही मी ओल लागू नये म्हणून दुसऱ्या साध्या पिशवीत घातलेली. चौथ्या दिवशी सकाळी खाद्य घालून झालं, बाराशेमधल्या उरलेल्या सगळ्या चोची खाली गेल्या, टकटकटकटक सुरू झालं (बऱ्याच दिवसांनी एवढ्या जोरात), मी समाधानाने वळलो, आणि पाहिलं तर पावडर काढायचा माझा स्टीलचा डाव गवंड्याच्या पिशवीत रोवलेला.

ताई, माझे गुडघे तुझ्या जुन्या गुडघ्यांसारखे झाले. मी तिथेच पोत्यावर बसलो. गवंडी आला, त्याला मी कसंबसं विचारलं. "हे... पोटात गेलं... तर?"

"कुणाच्या?"

मी शेडकडे बोट केलं.

त्याने डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं, परत टोपी घातली. "ओलं झालं की दगड होतं बघा ते," तो म्हणाला. "आपण अजून कोंबडीत भरून पाहिलं नाही."

मी धावत जाऊन गव्हाणी ओढायला लागलो, पण त्या आजारातून उठलेल्या, भुकेलेल्या, त्या मला ओढू देईनात. एकीने तर मनगटावर चोच मारली. (जखम नाही. पण मी टाका घ्यावा लागेल का विचारून आलो.) मावशी शांतपणे म्हणाल्या, "पिंपाच्या बुडाला राहिलंय ना थोडं खाद्य? भिजवून बघा. दगड झालं तर गवंड्याचं, नाही झालं तर आपलं." मग आम्ही दोन कप घेतले. एकात गवंड्याची पावडर आणि पाणी, दुसऱ्यात पिंपाच्या बुडाचं खाद्य आणि पाणी. ते दोन कप ओट्यावर ठेवून आम्ही तिघं समोर बसलो. गवंड्याने काम थांबवलं (त्याला निमित्तच हवं होतं). सकाळची दुपार झाली. मी कपांकडे बघत होतो, मावशी माझ्याकडे, आणि गवंडी दर पाच मिनिटांनी थापीच्या टोकाने दोन्ही कप टोचून जाहीर करायचा, "अजून काही सांगता येत नाही." शेडमध्ये एखादी कोंबडी जरा हलकेच ओरडली की मला वाटायचं, झाली हिची फरशी. मी त्या दोन तासांत देवाला इतकी वचनं दिली आहेत की ती पुरी करायला मला आणखी एक जन्म घ्यावा लागेल, आणि त्या जन्मात कोंबड्या पाळायच्या नाहीत हे त्यातलंच एक वचन आहे.

अखेर गवंड्याचा कप त्याने उलटा केला. काही पडलं नाही. मग त्याने थापी माझ्या कपात घातली. ती आत गेली, मऊ, लापशीसारखी, आणि जरा बुळबुळीत, कारण ती माती पाण्याने फुगते. मावशी उठल्या, हात झटकले आणि अंडी गोळा करायला गेल्या. तेव्हा कुठे गवंड्याला आठवलं की सकाळी त्यानेच माझा डाव 'जरा' उचलला होता. मी त्याला बोलायला गेलो, पण रडायलाच आलं, आणि तो घाबरून त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काम करत राहिला. फरश्या सुरेख बसल्या आहेत.

त्यानंतरचं चांगलंच आहे. पहिल्या आठवड्यात मरणं थांबली. एकूण एकेचाळीस गेल्या, ताई. तो आकडा मी मुद्दाम इथे मधेच लिहिला, पण तो तुला दिसेल हे मला माहीत आहे. प्रत्येकीला मी स्वतः पुरलं, चुना घालून, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढं खोल. तुरे हळूहळू लाल झाले. काल एकतीस ट्रे निघाले, आणि कवचं अशी की मी एक अंडं मुद्दाम दाबून पाहिलं, नाही फुटलं. विक्रीला परवानगी मिळाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पावडर आता नेहमी चालू ठेवा, छत्री म्हणून. पण छप्पर म्हणजे कोरडा मका, खाली फळी, भिंतीपासून हातभर लांब, आणि महिन्याच्या वर साठवायचा नाही. ते सगळं मी केलं आहे. मी रोज प्रत्येक पोत्यात हात घालून वास घेतो. इतका घेतो की मावशी विचारत होत्या, गुलाबाचा येतो का.

असो. आणखी काय लिहू. भाऊजींना नमस्कार, लेकीला आणि जावयांना आशीर्वाद, गुडघ्याला शुभेच्छा. जिवाला जप. माझी काळजी करू नकोस, मी आहे तसा ठीक आहे, म्हणजे अजून आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. मक्याचं सवडीने लिहीन म्हणालो होतो. अठराही पोती मी पुरली. पोत्यांसकट. मागच्या बाजूला मोठा खड्डा खणून घेतला, पाणी ओतलं, माती लोटली, वर उभा राहून पायाने दाबली. कुणाला विचारलं नाही, तुलाही नाही. आयुष्यात तुला न विचारता केलेली ही माझी पहिली गोष्ट. करताना दोनदा फाटकाकडे वळून पाहिलं, पण माती चांगली दबली.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात प्रयोगशाळेचा कागद घेऊन डॉक्टरीणबाई आल्या. विषाचा आकडा वीसपर्यंत चालतो म्हणे. आपल्या मक्यात तीनशे दहा निघालं. इथे टिंब नाही, मी भिंगातून पाहिलं. डॉक्टरीणबाई कधी बसत नाहीत, त्या ट्रेच्या थप्पीवर बसल्या. (सहा अंडी.)

ता. क. तिसरा, आणि हा भाऊजींना वाचून दाखवू नकोस. कागद वाचून झाल्यावर त्या मावशींना म्हणाल्या, "ताई इथे असत्या तर हे कधी झालंच नसतं." मावशी म्हणाल्या, "अहो, त्यांनी असला मका शेडच्या दारातसुद्धा येऊ दिला नसता." आणि दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. ताई, या भागात नवी शेड घालणारा प्रत्येक माणूस आधी तुझ्या ओट्यावर येऊन बसतो, चार गोष्टी विचारून जातो. डॉक्टरीणबाई स्वतः त्यांना तुझ्याकडे पाठवतात. मी म्हणालो, "खरंय. मलाच मेल्याला अक्कल नाही. पोती भिंतीला मीच लावली, आणि जुना मका आधी संपवायचा हेही माझंच डोकं." दोघींचा लगेच विश्वास बसला. फारच लगेच बसला, ते जाऊ दे.

तेव्हा एकच विनंती आहे. तू येशील त्या दिवशी रिक्षातून उतरल्याबरोबर, पाणीसुद्धा न पिता, शेडच्या दारात उभी राहा आणि मावशींच्या देखत मला चांगलं झापून काढ. नेहमीसारखं. मी खाली मान घालून ऐकून घेईन. मात्र मधे अडखळू नकोस, आवाज खाली आणू नकोस, आणि माझ्याकडे बघून डोळ्यांत पाणी तर मुळीच आणू नकोस. मावशी हुशार आहेत, त्यांना कळेल.